मोपेडचं वायरिंग घरी करताना : वाचकांचे प्रश्न

पावसाळा जवळ आला की या सदराकडे गाडीच्या वायरिंगचे प्रश्न वाढतात. यंदा मोपेडचे इतके आले की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. खालची उत्तरं कार्ब्युरेटरच्या, किक मारून चालू होणाऱ्या मोपेडसाठी आहेत. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ फ्युएल इंजेक्शन गाड्यांना ती लावू नयेत. त्यात ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, असतो आणि एका चुकीच्या जोडाने तो जातो.

प्रश्न : माझी १२ व्होल्टची जुनी मोपेड मासळीचे क्रेट वाहायला वापरतो. हेडलाइटमागे आणि सीटखाली टेप गुंडाळलेले जोड इतके झालेत की मूळ वायर कुठली तेच कळत नाही. हॉर्न घुसमटल्यासारखा वाजतो. इंडिकेटर लावला की मागचा दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकतो. सगळं वायरिंग स्वतः बदलायचं आहे, पण आधी कधी केलेलं नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. इंडिकेटरबरोबर मागचा दिवा लुकलुकतो, म्हणजे दोघांची अर्थिंग एकच आहे आणि ती अर्धवट सुटली आहे. करंटला परतीची वाट नीट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. दोन मीटर सुटी वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावा आणि दुसरं मागच्या दिव्याच्या होल्डरच्या पत्र्यावर दाबून धरा. लुकलुकणं थांबलं तर दोष अर्थचा. हॉर्न काढून थेट बॅटरीवर वाजवून बघा. तिथे खणखणीत वाजला तर हॉर्न बदलू नका, त्याच्या वायरी, जोड आणि बटण बघा. या दोन चाचण्या न करता वायरची गुंडाळी आणायला जाणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

किनाऱ्यावर वायर मधून सहसा मरत नाही, टोकांना मरते. खारी हवा आणि क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारट पाणी कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या खोबणीत) शिरतं, तांब्यावर हिरवा थर चढतो आणि तारांच्या बारीक फटींतून ओल इन्सुलेशनच्या आत चढत जाते. टोक सोललं की आत काळं तांबं दिसतं. त्यावर कितीही घट्ट पीळ मारला तरी जोड टिकत नाही आणि सोल्डरही धरत नाही. दहा-पंधरा सेंटिमीटर मागे कापूनही तांबं काळंच निघालं तर ती वायर पूर्ण बदला.

तुमच्या गाडीत टेपचे जोड इतके आहेत की वायरिंग बदलावं हे खरंच. तुमच्या मॉडेलचा तयार हार्नेस (कपलरसकट बांधलेला वायरींचा जुडगा) मिळत असेल तर नवख्या माणसाने तोच घ्यावा. लांब्या, रंग आणि कपलर जागच्या जागी येतात, अर्ध्या चुका तिथेच टळतात. मात्र बसवण्याआधी प्रत्येक टर्मिनल बोटांनी ओढून बघा, स्वस्त हार्नेसमध्ये दोन-चार तरी हातात येतात. एका टोकाची तार ब्लेडने खरवडा. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. वरून पांढरी आणि आतून लाल निघाली तर ती कल्हई केलेली तांब्याची तार, खाऱ्या हवेत सगळ्यात टिकाऊ. बोटीचं सामान ठेवणाऱ्या दुकानात अशी वायर मिळाली तर चार पैसे जास्त मोजून घ्या.

हार्नेस मिळत नसेल तर सामान असं घ्या. बॅटरीच्या मुख्य लाइनला, अर्थला आणि हेडलाइटला १ चौरस मिलिमीटरची बहुतारी ऑटो वायर : लाल ३ मीटर, हिरवी किंवा काळी ५ मीटर, हेडलाइटसाठी आणखी एका रंगाची ३ मीटर. इंडिकेटर, ब्रेक आणि हॉर्नसाठी ०.७५ ची, चार रंगांत प्रत्येकी ३ मीटर. घरातल्या फिटिंगची वायर वापरू नका, तिच्यात तारा कमी आणि जाड असतात, त्या थरथरीने तुटतात. झाकण असलेला ब्लेड फ्यूजचा होल्डर आणि चार जादा फ्यूज, बुलेट कनेक्टरच्या वीसेक जोड्या, ६ मिलिमीटर भोकाचे आठ रिंग लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या कड्या), आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह, ३ मीटर पीव्हीसी स्लीव्ह, काळे केबल टाय, थोडं सिलिकॉन ग्रीस. हत्यारांत वायर सोलायची पक्कड, टर्मिनल वायरीवर चेपून बसवायचा रॅचेटचा क्रिंपिंग टूल, मल्टिमीटर आणि १२ व्होल्ट २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब, त्याला दोन वायरी जोडून.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या मोपेडमध्ये तीन वेगळ्या वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या की काहीतरी जळतं.

पहिली वाट हेडलाइटची. चावी फिरवून इंजिन बंद ठेवा. हेडलाइट लागला नाही आणि इंजिन चालू केल्यावरच लागला, तर तो मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) लाइटिंग कॉइलच्या एसी करंटवर आहे. बऱ्याच मोपेडमध्ये मागचा दिवाही त्याच लाइनवर असतो. दुसरी वाट बॅटरीची, डीसी : हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक. एसीची वायर चुकून बॅटरीच्या प्लसला जोडली तर बॅटरी फुगते आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) जातो. तिसरी वाट स्पार्कची. मॅग्नेटमधली वेगळी कॉइल सीडीआयला (स्पार्क घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) करंट देते, त्याचा बॅटरीशी संबंध नसतो. सीडीआयमधून एक वायर चावीच्या स्विचकडे येते आणि चावी बंद केली की ती अर्थला टेकते, म्हणून इंजिन बंद पडतं. ही किलची वायर ‘चावीला आलेली आहे म्हणजे प्लसच असणार’ असं समजून बॅटरीला जोडली की सीडीआय खलास. नवख्यांकडून होणारी सगळ्यात महाग चूक हीच.

रंगांवर विसंबू नका. एका कंपनीची अर्थ हिरवी, दुसरीची काळी-पिवळी, आणि मधल्या काळात कुणी काय जोडलं ते देवाला ठाऊक. काढायच्या आधी प्रत्येक कपलरचा फोटो घ्या. वायरीला कागदी टेपची चिठ्ठी लावा आणि तिच्यावर पारदर्शक टेप मारा, घामाच्या हाताने शाई पुसली जाते.

कामाला लागताना पेट्रोलचा कॉक बंद करा आणि टाकी काढता येत असेल तर काढून लांब ठेवा. लायटरने स्लीव्ह तापवायची तर उघड्यावर, टाकी आणि कार्ब्युरेटरपासून दूर. बॅटरी सोडवताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. उलट केलं आणि प्लसवरचा पाना चेसिसला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो.

जुनं सगळं एकदम उपटू नका. एक सर्किट नवं घाला, चालतंय बघा, मग पुढचं. क्रम असा ठेवा : अर्थ, मग चार्जिंग, मग ब्रेक आणि हॉर्न, मग इंडिकेटर, मग हेडलाइट. स्पार्कची वाट शेवटी. ती नीट चालत असेल तर तिला हात लावूच नका, फक्त कपलर साफ करा.

अर्थवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. चेसिसवरचा एक ६ मिलिमीटरचा बोल्ट निवडा. त्याच्याभोवतीचा रंग नाण्याएवढ्या जागेत चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. रिंग लग, दातेरी वॉशर, बोल्ट असं आवळा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आवळून झाल्यावर, आधी नाही. या बोल्टपासून बॅटरीचा मायनस, इंजिनचा एक बोल्ट, आरआर युनिट (रेग्युलेटर आणि रेक्टिफायर एकत्र असलेली डबी), हेडलाइट आणि मागचा दिवा यांना स्वतंत्र अर्थच्या वायरी न्या. कंपनी बऱ्याचदा मडगार्डच्या पत्र्यावर भिस्त ठेवते. आपल्याकडे मडगार्डचे बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात, मग भिस्त कशावर?

ब्रेकचा दिवा लावून मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं होल्डरच्या पत्र्याला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर लग पुन्हा काढून घासा.

वायर हँडलच्या मानेपाशी सगळ्यात जास्त तुटते, तीही इन्सुलेशनच्या आत, बाहेरून दिसत नाही. तिथे सैल वळण ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना ते बघा. टाय मानेवर आवळू नका. कपलरचं तोंड खाली किंवा आडवं ठेवा आणि वायर खालून वळण घेऊन वर येऊ द्या, म्हणजे पाणी त्या वळणावरून गळतं, कपलरमध्ये उतरत नाही. मागच्या दिव्याच्या तळाशी पाणी जायला भोक असतं, ते लाल मातीने बुजलेलं असतं. काडीने मोकळं करा. क्रेटखाली दिव्याच्या मागपर्यंत येईल असं जाड प्लास्टिक टाका आणि बंदरावरून आलात की मागचा भाग गोड्या पाण्याने धुवा, पण जोराचा फवारा कपलरवर मारू नका.

मायनस शेवटचा जोडण्याआधी फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब लावा. का, ते पुढच्या प्रश्नात आहे. सगळं जुळल्यावर बल्ब काढून फ्यूज घाला, इंजिन चालू करून थोडा रेस द्या आणि बॅटरीवर व्होल्टेज बघा. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवं. रेस देऊनही १२.५ वरच राहिलं तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर किंवा त्याची अर्थ बघा, नाहीतर बॅटरी आटेल.

प्रश्न : चावी फिरवली की फ्यूज उडतो. मेकॅनिकने १० ऐवजी २० अँपिअरचा घातला, तोही उडाला. आता सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून चालवतोय. (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : ती चांदी आज काढा. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. आता वितळायची पाळी वायरीची आहे, आणि ती पेट्रोलच्या टाकीखालून जाते. हिशोब बघा : २१ वॅटचा ब्रेक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, एका बाजूचे दोन १० वॅटचे इंडिकेटर जवळपास तेवढेच, हॉर्न दीड ते अडीच. सगळं एकाच वेळी चालू केलं तरी सहाच्या आसपास. १० चा फ्यूज उडतो म्हणजे प्लस कुठेतरी पत्र्याला लागतोय.

शोधायची रीत साधी आहे. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन टोकांत २१ वॅटचा बल्ब जोडा. आता शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे निवांत शोधता येतं. चावी चालू, बाकी सगळी बटणं बंद. बल्ब पूर्ण तेजाने लागला तर शॉर्ट आहे. एकेक कपलर सोडवत जा. ज्या कपलरला बल्ब विझेल, त्याच्या पुढच्या वायरीत दोष. एकही कपलर सापडला नाही तर हँडल वळवा, सीटखालचा हार्नेस हलवा, बल्ब लुकलुकेल ती जागा. मोपेडमध्ये नेहमीच्या जागा तीन : हँडलची मान, सीटच्या बिजागरीखाली चेपलेली वायर आणि मागच्या मडगार्डच्या पत्र्यातून वायर जाते ते भोक. त्या भोकात रबरी ग्रोमेट नसतो किंवा वाळून पडलेला असतो.

शॉर्ट दूर झाल्यावर इंडिकेटर लावला तर चाचणीचा आणि इंडिकेटरचे असे सगळेच बल्ब मंद लागतील, ते बरोबरच आहे. मग मूळ आकड्याचाच फ्यूज घाला. आणखी एक, हेडलाइटच्या एसी लाइनवर बहुधा फ्यूज नसतो. तिथे शॉर्ट झाला तर काही उडत नाही, फक्त दिवे जातात, म्हणून तिथली वायर डोळ्यांनी तपासावी लागते.

प्रश्न : हेडलाइटचा बल्ब महिन्याला जातो. चांगल्या कंपनीचे बल्ब घेऊनही तेच. (एका वाचक भगिनी, मालवण)

उत्तर : बल्ब निर्दोष आहे. मॅग्नेटचं व्होल्टेज रेसबरोबर वाढतं आणि आरआर युनिट जास्तीचं अर्थला सोडून ते आवरतं. युनिटची अर्थ गंजली की आवर सुटतो आणि चढावर जोरात रेस दिली की बल्ब जातो. युनिटचा बोल्ट काढा, मागचा पत्रा घासा, वेगळी अर्थची वायर द्या. मल्टिमीटर एसीवर ठेवून, हेडलाइट चालू असताना, होल्डरवर मोजा. रेस वाढवली तरी आकडा १४ च्या आसपास अडायला हवा. चढतच राहिला आणि अर्थ चांगली असेल, तरच नवं युनिट घ्या.

फार जुन्या मोपेडला रेग्युलेटरच नसतो, बल्बच एकमेकांच्या साह्याने व्होल्टेज धरून ठेवतात. मागचा बल्ब गेला की त्याचा वाटा पुढच्यावर येतो आणि तोही जातो. अशा गाडीत दोन्ही बल्ब मूळ वॅटचेच हवेत. कमी वॅटचा घालून ‘लोड कमी केला’ असं वाटतं, प्रत्यक्षात उलटं होतं.

प्रश्न : जोड सोल्डर करावा की क्रिंप? गावात दोघांची दोन मतं. (एक वाचक, गुहागर)

उत्तर : मोपेडवर क्रिंप. सोल्डर तारांतून वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि थरथरीने नेमका कडेला तुटतो. पण क्रिंप म्हणजे साध्या पक्कडीने चेपणं नव्हे. त्यात पोकळी राहते आणि ओल शिरते. रॅचेटच्या टूलने, वायरीच्या मापाच्या खाचेत दाबा, मग हाताने जोरात ओढा. निघाली तर आत्ताच निघालेली बरी. वर गोंदाची स्लीव्ह तापवा, दोन्ही टोकांना गोंदाचा थेंब बाहेर दिसला पाहिजे. नुसती काळी टेप उन्हात चिकट होऊन सुटते आणि आत पाणी धरून ठेवते.

प्रश्न : घरी ६ व्होल्टची प्लॅटिनवाली (सीडीआयऐवजी उघडझाप करणाऱ्या टोकांनी स्पार्क देणारी) जुनी लुना आहे. भर पावसात किंवा धुतल्यावर बंद पडते, वाळली की चालू होते. सगळं वायरिंग बदलू का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : नको. १९७२ साली आलेल्या लुनाच्या घराण्यात वायरी मुळातच मोजक्या, आणि तुमचा दोष बहुधा त्यांतल्या एकीत आहे. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या जाड वायरीवर आणि कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारा, हात लांब ठेवून. निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या तर वायर किंवा कॅप चिरलेली आहे. कॅप फिरवून काढा, वायरीचं टोक पाच मिलिमीटर कापून ताजं करा, कॅप पुन्हा घट्ट फिरवा. वायरच तडकली असेल तर ती बदला.

ठिणग्या दिसल्या नाहीत तर बंद करण्याच्या बटणाकडे जाणारी वायर इंजिनपाशी सोडवा. गाडी आता भिजूनही चालली, तर ती वायर कुठेतरी घासून पत्र्याला टेकते आहे किंवा बटणात पाणी जातं आहे. वायर सोडल्यावर बटणाने इंजिन बंद होणार नाही, पेट्रोलचा कॉक बंद करून थांबवा आणि चाचणी जागेवरच करा, रस्त्यावर नाही.

तिसरी जागा मॅग्नेटमधून वायरी बाहेर येतात तिथला रबर. तो सुकला की पाणी थेट प्लॅटिनवर जातं. झाकण काढलंच आहे तर प्लॅटिनचा गॅप फीलर गेजने बघा, साधारण ०.४ मिलिमीटर. टोकं काळी असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढून कण काढा. प्लॅटिन पुन्हा पुन्हा जळत असेल, किंवा गाडी तापल्यावर बंद पडून निवल्यावर चालू होत असेल, तर कंडेन्सर बदला. तो पावसाचा दोष नव्हे.

एक काळजी : प्लग बाहेर काढून किक मारताना तो कॅपमध्ये लावून इंजिनच्या पत्र्याला टेकवलेलाच ठेवा. मोकळा सोडला तर हाय टेन्शन कॉइलचं आतलं इन्सुलेशन फुटू शकतं, आणि प्लगच्या भोकातून येणाऱ्या पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको.

प्रश्न : एलईडी हेडलाइट लावला तर फडफडतो. बॅटरीवर घेऊ का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : एसी लाइनवर डीसीचा एलईडी फडफडणारच. खोक्यावर एसी आणि डीसी दोन्ही लिहिलेला बल्ब मिळतो, तो घ्या. बॅटरीवर घ्यायचाच असेल तर आधी रेस दिल्यावर बॅटरीवर १४ व्होल्ट येतात का बघा, आणि बल्ब ८-१० वॅटच्या वर नको. ३५ वॅटचा हॅलोजन अडीच अँपिअर-अवरच्या बॅटरीवर टाकला तर ती तासभरही तग धरणार नाही. इंडिकेटरही एलईडी केले तर जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) नीट चालत नाही, एलईडीचा वेगळा घ्यावा लागतो.

प्रश्न : मासेमारी बंदीत, जून-जुलै, गाडी पडवीत उभी असते. उंदीर वायरी कुरतडतात आणि ऑगस्टमध्ये बॅटरी मेलेली असते. (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : बॅटरी सोडवून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. अडीच अँपिअर-अवरच्या बॅटरीला पाव अँपिअर करंट पुरे, कारचा चार्जर लावू नका. चार्जिंग उघड्या खिडकीजवळ. चार तास सोडून मोजल्यावर १२.६ च्या वर असेल तर ठीक, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी.

उंदरांना सीटखालची कोरडी, उबदार जागा हवी असते. सीट उघडी ठेवा, टूलबॉक्समधल्या चिंध्या आणि क्रेटची मासळीचा वास लागलेली पोती काढून टाका. हार्नेसवर पीव्हीसीऐवजी विणलेल्या तारेची स्लीव्ह चढवता आली तर चांगलं, पण तिची कापलेली टोकं वायरीत रुतणार नाहीत अशी टेपने बांधा. डांबरगोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. कुरतडलेली वायर सापडली की दातांच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर कापून मग जोडा, आणि शेजारच्या वायरी उलट्या करून बघा. उंदीर एकच वायर खाऊन थांबत नाही.